हिरव्या पानाचं पाकीट

४ फेब्रुवारी, मंगळवार

लेक आली. पोटाचं ऑपरेशन झालंय, टाके अजून ओले. तीन आठवडे विश्रांती. तिच्या खोलीवर बघायला कोणी नाही म्हणून आली — नाहीतर चार वर्षांत या घरात एक रात्र राहिली नाही. दारातच म्हणाली, माझ्या खाण्याचं मी बघेन. मी मान खाली घातली.

कारण मीच आहे. कुठेतरी लिहायलाच हवं. ती व्हीगन झाली तेव्हा मला ती थेरं वाटली. दूध नाही, दही नाही, मधसुद्धा नाही! एकदा पाहुण्यांसमोर तिच्या चहात मुद्दाम साधं दूध घातलं. कप रिकामा झाल्यावर म्हणालो, "बघ, मेलीस का?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी. ती उठून गेली, ती गेलीच.

५ फेब्रुवारी

बायकोबरोबर बाजारात गेलो. या वेळी नीट वागायचं, तिला चालेल तेच आणायचं, असं ठरवून. गोठवलेल्या मालाच्या कपाटापुढे बावळटासारखा उभा राहिलो. शेवटी बायकोनेच एक पाकीट हातात दिलं — कटलेट. वर हिरवं पान, खाली ठळक 'प्लांट-बेस्ड'. चार पाकिटं घेतली.

लेकीने विचारलं, बघून आणलंत ना? मी म्हणालो, "तुझी शपथ." आता पाकीट मागेल असं वाटलं. नाही मागितलं. दोन कटलेट खाल्ली.

८ फेब्रुवारी

आज स्वतः मागून घेतली. माझ्याशी दोन-चार वाक्यं बोलली. चेहऱ्यावर तरतरी आलीय.

११ फेब्रुवारी

आधीची संपली म्हणून दुपारी आणखी एक पाकीट घेतलं आणि तसाच माझ्या चष्म्याच्या दुकानात आलो. एका आजोबांचा नवा चष्मा तयार होता. वाचून बघायला काहीतरी बारीक छापलेलं हवं, म्हणून तेच पाकीट त्यांच्या हातात दिलं. ते घडाघडा वाचत गेले — सोयाबीन, बटाटा, तेल, मीठ, दुधाची भुकटी.

आजोबा खूश. मी पाकीट परत घेऊन ती शेवटची ओळ पुन्हा वाचली.

परत बाजारात गेलो. तिथल्या मुलीने समजावून सांगितलं. प्लांट-बेस्ड म्हणजे मुख्यतः वनस्पतींचं, थोडं इकडचं तिकडचं असू शकतं. व्हीगन म्हणजे प्राण्याचं काहीच नाही. बरेच लोक फसतात म्हणे. पण मी तीस वर्षं चष्मे विकतोय! लोकांना बारीक अक्षरं वाचता यावीत म्हणून पोटाला मिळतं मला.

सांगायचं ठरवूनच घरी आलो. लेक आईशी काहीतरी बोलून हसत होती. टाके दुखतात म्हणून पोट धरून हसत होती. मनात आलं, चुकून झालं हे कोण मानेल? एकदा मुद्दाम केलेल्या माणसाचं? दुधाने तोंड पोळलेली पोर माझ्या एका शब्दावर ताक न फुंकता प्यायली — आणि मी काय दिलं, तर पुन्हा दूधच.

पाकीट फ्रीजमध्ये ठेवून दिलं.

१२ फेब्रुवारी

तिने तीन खाल्ली. मी ताटाकडे बघितलं नाही.

१४ फेब्रुवारी

आजही नाही सांगितलं. काल पोट बरं नाही असं सांगून जेवायलाच बसलो नाही. पळपुटा!

१६ फेब्रुवारी, रविवार

लेक पाकीट घेऊन समोर आली. आज पहिल्यांदाच स्वतः फ्रीज उघडला होता. संपलं सगळं, असं वाटलं. ती शेजारी बसली.

"बाबा, यात दुधाची भुकटी आहे. पण तुम्हाला कसं कळणार? भल्याभल्यांना प्लांट-बेस्ड आणि व्हीगन हे दोन शब्द एकच वाटतात."

मग खाली बघत म्हणाली, कटलेट आणलीत त्या दिवशी तुमच्यावर संशय आला होता. पाकीट मागणार होते. मग माझीच मला लाज वाटली. "माफ करा."

मी म्हणालो, "चालायचंच."

चालायचंच! पाच दिवस माहीत असून गप्प बसलेला माणूस तिला माफ करतोय. एवढा हलका मी त्या चहाच्या दिवशीही नव्हतो. तेव्हा निदान तोंडावर सांगितलं होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आधी बायकोला सांगितलं, स्वयंपाकघरात. मला मंगळवारीच कळलं होतं, आत्ता जाऊन लेकीसमोर कबूल करतो, म्हटलं. ती कढई घासत होती. हात थांबले नाहीत.

"मी बाजारातच वाचलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर तेच तुमच्या हातात दिलं. ऑपरेशन झालेली पोर, जरा दूध जाऊ दे म्हटलं अंगात. तुमच्या हातून गेलं तर मला कोण विचारणार होतं?"

बाहेरच्या खोलीतून लेकीने हाक मारली — आई, आजपासून माझं सामान तूच आण गं, बाबांना नको पाठवू.

बायको "बरं" म्हणाली. मी कबूल करायला निघालो होतो, तो तिथेच उभा राहिलो.