उभ्याचं माप

८ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? आम्ही मायलेकी ठणठणीत आहोत. हे आधीच सांगते, नाहीतर तू पत्र शेवटापासून वाचायला घेशील. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

पुढच्या रविवारी तू भिंगरीला कायमची न्यायला येणार, असा तुझा निरोप मिळाला. ती येणार नाही. पंपही निघणार नाही. तू तीस वर्षं वॉर्डात सिस्टर आहेस आणि मी गल्लीतली शिंपीण, मान्य. तरी माझ्या लेकीचा इन्सुलिनचा पंप मीच बघणार.

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. "आठ वर्षांच्या पोरीच्या अंगाला यंत्र लावतेस आणि स्वतः शिलाई मशीनवर बसतेस. माझ्याकडे दे, वेळच्या वेळी इंजेक्शनं देईन." गुडघ्याला आराम म्हणून तू इथे पंधरा दिवस राहिलीस, तेवढ्यात चार वेळा पोर साखर तीनशेच्या वर घेऊन शाळेतून आली. ते तू डोळ्यांनी पाहिलंस, म्हणून बोललीस.

पण मी हातावर हात ठेवून बसले नव्हते, हेही तू पाहिलंस. आली की फ्रॉक उतरवायचा, रक्तातली साखर आणि लघवीतले कीटोन तपासायचे, डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं इन्सुलिनच्या पेनाने इंजेक्शन द्यायचं. मग पंपाच्या मागे लागायचं. बॅटरी बघितली. इन्सुलिनची कुपी नवी भरली. नळी खिडकीत उजेडाला धरून बुडबुडे शोधले. कातडीखाली बसते ती बारीक नळी वाकली असेल म्हणून काढली, तर सुतासारखी सरळ. जागा बदलली. भिंगरीला समोर उभं करून नळी सोडवली, बटण दाबलं, तर टोकाला टपोरा थेंब! सगळं झकास. आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

डोकं फिरलं माझं. शाळेतून तिला आणायला तू जात होतीस, म्हणून तुला म्हणाले की वाटेत तूच तिला गोड चारतेस आणि वर माझ्या पंपाला नावं ठेवतेस. तू पिशवी भरलीस आणि निघालीस.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तू गेल्यावर मंगळवारी तिची साखर तीनशे चाळीस होती. चारायला तू नव्हतीस.

बुधवारी सुट्टी होती. मी तिला पुन्हा पंप तपासायला हाक मारली, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, तू मला सारखी उभीच काय करतेस? वर्गात बाई आम्हाला बसवतात!"

मी तिला लगेच शाळेचा फ्रॉक घालायला लावला, पंप खिशात ठेवला आणि तिला स्टुलावर बसवलं. नळीचं टोक सोडवून बटण दाबलं. थेंब नाही. तिला उभं केलं आणि थेंब आला. पुन्हा बसवलं, पुन्हा नाही. भिंगरीला मजा वाटायला लागली, मला घाम फुटला.

ताई, तो खिसा. तू आलीस त्याच आठवड्यात मी हौसेने शिवलेला, पंपासाठी खास. आत दुहेरी कॅनव्हास, नळीला कमरेशी नेटकं काज. तूही वाखाणला होतास. बसलं की तो ताठ कॅनव्हास दुमडायचा आणि काजात नळी चिमटायची. वीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं उभ्यानेच घेतली, लेकीचंही तसंच घेतलं. पंपाने बोंब का मारली नाही, तेही डॉक्टरांना विचारलं. तिला तासाला इन्सुलिन इतकं थोडं लागतं की अडलेलं यंत्राला लवकर कळत नाही. तेवढ्यात सुट्टीची घंटा होते, आमच्या भिंगरीबाई उठून पळतात आणि नळी मोकळी होते.

म्हणजे दोष पंपाचा नाही, तुझा तर नाहीच. माझ्या शिलाईचा. खिसा उसवला तेव्हा मला रडू आलं, तुझ्या आठवणीने जास्त. आता पंप मऊ सुती पट्ट्यात असतो, नळी मोकळी. तीन दिवस झाले, शाळेतून साखर दीडशेच्या आसपास येते आहे. नवं काहीही शिवलं की पोर आधी स्टुलावर जाऊन बसते, म्हणते, "थेंब दाखव."

मी चुकले म्हणून हरले, असं मात्र धरू नकोस. चूक या घरात झाली आणि या घरातच सापडली. ती सापडली ती भिंगरीमुळे, आणि जिला स्वतःचा पंप एवढा कळतो तिला मी परत दिवसाला चार इंजेक्शनांवर नेणार नाही. तू भांड, रुस, आईच्या फोटोसमोर माझी तक्रार कर. मी ऐकणार नाही.

रविवारी ये मात्र नक्की. पोरीने कॅलेंडरवर गोल केलाय. तुझा युनिफॉर्म गुडघ्याशी काचतो म्हणत होतीस, तोही आण. या वेळी तुला बसवून माप घेईन.

तुझ्यावर घेतलेल्या आळासाठी पाया पडते. पोर देत नाही.

तुझीच,
हट्टी धाकटी