पळीची म्हातारी

१६ जुलै
बिट्टन बोलली! माझ्याशी नाही — पळीशी.

लाकडी पळीचा दांडा तुटला होता. चुलीत घालणार होते, तेवढ्यात काय लहर आली कोण जाणे, काजळाने दोन डोळे काढले, वर चिंधीचा पदर बांधला आणि म्हातारीच्या आवाजात म्हटलं, "अगं बाई, कंबर गेली माझी!" बिट्टन दारात उभी होती. हसली. मग पळीला म्हणाली, "दात कुठंयत तुझे?"

लग्न होऊन होळीला आले मी या घरात. बिट्टनची आई जाऊन दोन वर्षं झाली. सगळ्यांशी पटपट बोलते पोर. माझ्यापुढे तोंडाला कुलूप! आज पळी विस्तवात घातली असती तर?

१७ जुलै
आज नाही बोलली. माझंच काही चुकलं असेल.

२१ जुलै
बापाचा फाटका मोजा घेऊन बाहुली मागायला आली — म्हणजे मोजा नुसता माझ्यापुढे धरून उभी राहिली. मी बटणांचे डोळे शिवले, नारळाच्या शेंडीचे केस तिनेच चिकटवले. हिचं नाव राणी. मोजा हातात चढवला की बिट्टनचा आवाज बदलतो, जीभ सुटते. आणि काय तोरा! "ए म्हातारे, तुझ्या भाजीत मीठ नसतं."

म्हातारी म्हणाली, "दात नसलेल्यांनी कसं चाखावं, राणीसाहेब?"

गल्लीतली पोरं जमली. आगपेटीचा घोडा झाला, काकडीच्या सालीची मगर झाली. अम्माजी ओसरीवरून बघत होत्या. "सूनबाई, डाळ करपतेय हो. नाटक कंपनीला जेवायला काय घालणार?" खरंच करपली होती.

मोजा काढला की पोर पुन्हा मुकी. ही खरी की ती? जन्मभर माझ्याशी मोज्यातूनच बोलणार का?

२९ जुलै
राणीने विचारलं, "म्हातारे, तू पण जाणार का?"

दूध उतू गेलं म्हणून उठले. परत आले तोवर मोजा उशीखाली गेला होता. मूर्ख बाई! साधं "नाही" म्हणता आलं नाही तुला?

५ ऑगस्ट
नागपंचमी जवळ आली. इथे तिला गुडियाच म्हणतात, म्हणजे बाहुली. माहेरीही हेच — मुलींनी चिंध्यांच्या बाहुल्या तळ्याकाठी टाकायच्या आणि पोरांनी रंगीत काठ्यांनी झोडपायच्या. लहानपणी मीही नाचत जायचे टोपली घेऊन. यंदा नुसती आठवण आली तरी नजर राणीकडे जाते.

म्हटलं, अम्माजी, मी नव्या बाहुल्या करते टाकायला.

"कर की. पण खेळलेली एक तरी द्यावी लागते बाई. नुसत्या कोऱ्या टाकल्या तर इडापिडा घरातच राहते."

बिट्टन तिथेच शेंगा सोलत होती. मी विषय बदलला.

८ ऑगस्ट
दोन बाहुल्या शिवल्या. मुद्दाम चुरगाळल्या, राखेत लोळवल्या. खेळलेल्या दिसतात. देवा, चालवून घे रे.

९ ऑगस्ट
वाटोळं झालं.

तळ्यावर बिट्टनने फडकं काढून टोपली उपडी केली. माझ्या दोन बाहुल्या पडल्या आणि त्यांच्यावर राणी! मी "थांबा रे!" म्हणून ओरडेपर्यंत पोरांच्या काठ्या सुरूही झाल्या. दीपू, तिचा चुलतभाऊ, सगळ्यात पुढे. नारळाची शेंडी चिखलात गेली. बिट्टन रडली नाही. एकटक बघत उभी होती.

घरी येऊन अम्माजींवर तुटून पडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. "एवढं एक माणूस माझ्याशी बोलत होतं, तेही मारलंत!" त्या म्हणाल्या, "सूनबाई, शपथ घेऊन सांगते, मी टोपलीला हात लावला नाही."

मग कोणी? घाईत मीच तर कोंबली नाही ना? फडकं मीच बांधलं होतं. सकाळपासून डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि म्हातारीही सापडत नाही. घुगऱ्या तशाच पडल्यात, कोणी खाल्ल्या नाहीत.

१० ऑगस्ट
बिट्टन गप्प. आता बोलणार तरी कशातून?

११ ऑगस्ट
तांदूळ काढायला डब्यात हात घातला, तर आत पळी! म्हातारी, पदरासकट, तांदळात गळ्यापर्यंत पुरलेली.

मागे बिट्टन. हात रिकामे, मोजा नाही, काही नाही. स्वतःच्या आवाजात म्हणाली, "एक द्यावी लागते ना. मी माझी दिली. तुझी लपवली. हिला मारलं असतं तर तू गेली असतीस."

मी पळी उचलली. म्हातारीच्या आवाजात कसंबसं म्हटलं, "नाही गं राणी, मी कुठेही—"

तिने पळी माझ्या हातातून काढून घेतली.

"तुझ्या आवाजात सांग."