सुतासारखी धार

प्रिय बारकू,

वरच्या मजल्यावर नकाशेवाल्या भाडेकरूच्या स्वयंपाकघरात, त्याच्याच टेबलावर बसून लिहिते आहे. तो सकाळीच सुट्टीला गेला, आता दोन आठवडे घर रिकामं. खाली व्हायोलिनवाल्या बाईंकडे बॉयलरची तपासणी चालू आहे. म्हणजे बाई बॉयलर उघडून बघताहेत आणि बाबा खुर्चीत बसून त्यांना ओरडून सूचना देताहेत. उद्यापासून पारा शून्याखाली जाणार, त्यामुळे आज सगळं उरकायलाच हवं. बाबांचं ते वाक्य आठवतं ना, सुट्टीत प्लंबर आणि देव, दोघंही फोन उचलत नाहीत? यंदा मला एकटीला सात वेळा ऐकवून झालं.

आपण भाड्याने दिलेल्या तिन्ही घरांची हिवाळ्याची तयारी या वर्षी माझ्या गळ्यात आली. कोपऱ्यावरच्या घराची पन्हळ शिडीवर चढून मीच साफ केली, कुजक्या पानांचा चिखल कोपरापर्यंत. बाबा खाली शिडी धरून उभे, गुडघा ठणकतोय हे कबूल न करता. पाण्याचा मुख्य व्हॉल्व गच्च बसला होता, तेल घालून सैल केला. इथे सिंकखाली वाकले तर भिंतीलगतच्या पाइपला तू गुंडाळलेला फोम अजून तसाच आहे, टोकांना तुझ्या त्या दुहेरी गाठी. गेल्या वर्षी फुटला तेवढा तुकडा नवा. एकेक काम झालं की बाबा विचारतात, "नक्की?" आणि मग, "बघ हं, त्याच्यासारखं नको करूस." मी पाना उचलते आणि पुढच्या कामाला लागते.

व्हायोलिनवाल्या बाई अजून त्या छताखाली बसत नाहीत. टेबल त्यांनी खिडकीशी ओढून घेतलंय. गेल्या वर्षी वरचा पाइप गोठून फुटला आणि गिलावा कोसळला तेव्हा त्या चहा ठेवायला उठल्या होत्या, म्हणून वाचल्या. "दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं," असं अजून सांगतात, आणि दरवेळी माझा हात धरतात. बाबांनाही तेच विसरता येत नाही. गेलेलं छत, बाईंच्या भिजलेल्या वह्या हे सगळं त्यांनी सोसलं असतं, पण एक माणूस मरता मरता वाचलं आणि ते आपल्या मुलामुळे, हे त्यांच्या मनातून जात नाही.

त्या दिवशीचं तुला माझ्याइतकंच आठवत असेल. घोट्याएवढं पाणी, बाबा जिन्यात भिंतीला टेकलेले, आणि तू सांगत होतास की वाहतं पाणी गोठत नाही म्हणून मी नळाला सुतासारखी धार सोडून गेलो होतो, सिंकखालचं कपाटही उघडं ठेवलं होतं, पाइपला घरातली ऊब लागावी म्हणून. बाबा म्हणाले, "नळ मी पाहिला. घट्ट बंद होता. मग काय भुताने बंद केला?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी फडकं पिळत होते. ते पिळून झालं, तरी पिळतच राहिले. आठवड्याच्या आत चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवून तू गेलास. तिकडे हॉटेलच्या तळघरात दुसऱ्यांचे बॉयलर सांभाळतोस, आणि फोन केलास तर पहिला प्रश्न बाबांच्या गुडघ्याचा.

तुला लहानपणापासून माझी खोड माहीत आहे. गळका नळ ऐकला की मला बसवत नाही. पाहुण्यांच्या घरीसुद्धा पंगत सोडून उठायचे, तू चिडवायचास, "आल्या नळ इन्स्पेक्टर." कपाटाचं दार उघडं दिसलं तरी तेच. गेल्या वर्षी तू इथलं काम आटोपून गेलास, त्याच संध्याकाळी मी वर आले होते. नकाशेवाल्याने खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं होतं ना, म्हणून. कुंड्यांना पाणी घातलं. मग हात पुसता पुसता नळ घट्ट बंद केला, कपाट लावलं, दिवा मालवला. काही केलं असं वाटलंसुद्धा नाही. जिन्यात तू बोललास तेव्हा कळलं. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. बाबा तुझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, तसे माझ्याकडे बघतील, एवढीच भीती होती रे. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग तू गेलास, आणि रोजचा दिवस आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेला.

परवा फोनवर तू हसत म्हणालास, "ताई, आता मलाच वाटतं, मी विसरलोच असेन." त्यानंतर मला झोप नाही. घर गेलं तुझं, ते माझ्यामुळे. पण स्वतःच्या हातांवरचा तुझा विश्वास मी जाऊ देणार नाही. तू विसरला नव्हतास, बारकू. धार होती, कपाट उघडं होतं, मी पाहिलं, मी बंद केलं. आत्ताही समोर तशीच धार चालू आहे आणि मी हात मांडीवर ठेवून बसले आहे. खालून बाबांची हाक आली, "झालं का गं?" पाकिटावर तुझा पत्ता लिहिलाय. पाकीट न चिकटवता मी ते बाबांच्या हातात देणार आहे. वाचायचं त्यांनी, चिकटवायचं त्यांनी, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायचंही त्यांनीच. तेव्हा हे तुझ्यापर्यंत पोचलं असेल, तर बाबांनी ते वाचलं आहे.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
ताई