पाड्यावरची तीच बेरीज

३ मे
चामटोलीच्या कडेच्या या पाड्यावर सामान लागलं. खिडकीत डोंगर, मागे करवंदांच्या जाळ्या आणि भाडं बदलापूरच्या निम्मं. लेक राजसी खूश. अंबरनाथ एमआयडीसीतली तिची कंपनी जरा लांब पडते, पण मुकेशची शेअर रिक्षा दारावरून जाते. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "मॅडम, टाइम पे आना, नहीं तो सीट गई."
मला एका संशोधन संस्थेने काम दिलंय. जुन्या जनगणनांवरून या पट्ट्यातली वस्ती कशी बदलली ते मांडायचं. निवृत्त सांख्यिकी अधिकाऱ्याला आणखी काय हवं? बायको मीनल असती तर म्हणाली असती, जगाची माणसं मोजलीत, आता घरातल्यांकडे बघा. ती गेल्या दिवाळीत गेली.

९ मे
बदलापूरचे आकडे दर दहा वर्षांनी उड्या मारतात. चामटोलीचेही चढतात. फक्त आमचा पाडा हलत नाही. १९६१ पासून २०११ पर्यंत दर वेळी एकशे त्रेचाळीस. कुणीतरी मागचाच आकडा उतरवला असणार. घरमालकीण गयाबाईंना गंमत म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बाळंतपणं होतात, सुना येतात, डोकी तेवढीच ऱ्हातात. गणनेची बाई आली की घरात हायेत तेवढीच माणसं सांगा, सायेब.

१७ मे
जिल्हा परिषद शाळेच्या प्रीती मॅडम जनगणनेसाठी मोबाइल घेऊन आल्या. चौकटीवर मार्करने घरक्रमांक टाकला. घरात किती जण, विचारलं. मी कागदांतून मान वर न काढता म्हणालो, तिघं. तीस वर्षांचं उत्तर. चूक कळली तेव्हा राजसी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डोळे भरलेले. म्हणाली, "राहू दे ना, बाबा. तिघंच आहोत आपण."
गेलेल्याला मोजायचं नाही, हे मी शेकडो प्रगणकांना शिकवलंय. तरी आकडा तसाच राहू दिला.

२१ मे
ओट्यावरच्या टाइलला दुधाची रिकामी पिशवी धुऊन, सपाट चिकटवून वाळत घातलेली. आम्ही दोघंही असं करत नाही. ती सवय मीनलची. राजसी पिशवी गालाला लावून बराच वेळ रडली.

२३ मे
मीनल आली. भर दुपारी, लख्ख उजेडात, मेथी निवडत बसली होती. बटाटे संपलेत म्हणाली. मी काहीही न विचारता पिशवी उचलली आणि बटाटे घेऊन आलो. वाटेत मोठ्याने गात होतो.

२६ मे
मुकेश आज थांबला नाही. धावत जाऊन अडवलं. राजसी शेजारीच उभी होती. "कौन मॅडम, अंकल? आपके इधर से तो मैंने कभी सवारी ली ही नहीं." राजसीला आधी हसू आलं. मग तिने माझी बाही धरली.

२८ मे
गयाबाई आज बोलल्या. २०११च्या गणनेत त्यांनी नवरा शिवराम याचं नाव सांगितलं होतं. तो थोडंच आधी वारला होता. तो परत आला. मग मुलाला, राजरत्नला, आधी मास्तर विसरले, मग मित्र. एके सकाळी शिवरामनेच विचारलं, हा शर्ट कोणाचा? आता गयाबाईंना पोराचा चेहरा आठवत नाही. नाव तेवढं राहिलंय. तेही जाऊ नये म्हणून झाडताना रोज म्हणतात.
शिवराम कुठे आहे, मी विचारलं. पडद्याआड कुणीतरी खोकलं.

३० मे
मीनल दोनच ताटं वाढते. मी तिसरं ठेवलं, तिने ते पुसून मांडणीवर लावलं. तिच्या मनात काही वाईट नाही. तिला दिसतच नाही. तुम्ही कोणाशी बोलताय, विचारत होती.
पोरीचा ब्रश कुठे गेला—

१ जून
प्रीती मॅडमचा निरोप. नेट नव्हतं, माहिती अजून गेलेली नाही, आज पाठवतील. अजून बदलता येईल. दोघं म्हणायचं. एवढंच.
म्हणजे मीनलला मी स्वतः—
पोर कोपऱ्यात बसलीय. हात धरला, वजन लागत नाही. आईला पुन्हा पाठवू नकोस, बाबा, म्हणते. ओठ हलतात, बाकी मी समजून घेतो.

दुपार
मॅडमना बोलावून घेतलं. दारात आहेत. मीनलने त्यांना पाणी दिलं. आता पिशवी धुते आहे— पाठमोरी— किती नेहमीसारखी—
सांगितलं. दोघं.
मीनलचे हात थांबले. वळून बघते आहे. रागाने नाही. रागाने तरी—
मॅडम म्हणतात, कोण कोण ते नीट सांगा, नावं टाकते. लिहून घेतो आधी, जीभ वळत नाही—
मी, देवदत्त. आणि माझी मुलगी—
माझी मुलगी—