राहीबाईंची बदकं

१२ जानेवारी
फजिती! कोन गावच्या खाडीवर पोचेपर्यंत भरती आलेली. रानबदकं पार पलीकडच्या काठाला. बर्ड फ्लूच्या तपासणीला त्यांच्या विष्ठेचे वीस नमुने हवेत, मिळाले पंधरा. ऑफिसातून चिंतामणी सरांचा फोन — "वीस म्हणजे वीस. लॅबची गाडी चारला निघणार."

गावातल्या राहीबाईंच्या अंगणात चहाला थांबले. त्यांची पाळलेली बदकं पायांत घोटाळत होती. उरलेले पाच तिथूनच उचलले. राहीबाई हसल्या, "माझ्या बदकांचं काय बघतंस गो? चांगली हायेत ती."

नळ्यांवर लिहिलं — रानबदक. दरवर्षी निगेटिव्हच येतं, कुणाला कळणार आहे?

१३ जानेवारी
सरांना सांगायला गेले. ते ऑफिसातल्या उन्नतीवर एका चुकलेल्या तारखेवरून डाफरत होते. परत फिरले. भित्री!

१९ जानेवारी
रिपोर्ट आला. पाच पॉझिटिव्ह. नळ्या सोळा ते वीस. तेच पाच!

सर म्हणाले, "रानपक्ष्यांत पकडलंस, शाबास!" मला शाबासकी! लाजेनं मेल्यासारखं झालं. खाडीवर बोर्ड लागले, गावात सांगायलाही मलाच पाठवलं.

बदकं धडधाकट दिसतात आणि रोग अंगात बाळगतात. परीक्षेत लिहिलंय मी हे! राहीबाईंची नात भाविका, चार वर्षांची, दिवसभर त्यांच्यातच खेळते. तरी दारात उभी राहून बोलले काय — "रानबदकांना रोग आहे. तुमची जपा. भाविकाला जरा लांब ठेवा." नोकरीत कायम व्हायला दोन महिने उरलेत ना! "आमची तं घरची हायेत," राहीबाई म्हणाल्या. मी मान डोलावली.

२१ जानेवारी
सांगितलं. सगळं. सरांनी आधी पथकाला फोन लावला. मग म्हणाले, "तुझ्या नोकरीचं नंतर बघू. आधी ते अंगण."

नऊ दिवस हे का जमलं नाही मला? उद्या सकाळी पथक जाणार, बदकं मारावी लागणार. घरातल्या सगळ्यांची तपासणी. राहीबाईंना कोणत्या तोंडानं सांगू? पण निदान रोग तिथंच थांबेल.

२२ जानेवारी
अंगणात एकही बदक नाही.

"तूच बोललीस ना, जपा म्हणून," राहीबाई म्हणाल्या. "खाडीचा रोग लागंल म्हणून कालच वाटून टाकली. चार वडप्याला बहिणीकडं, चार राहनाळला लेकीकडं. तिकडं पोरंबाळं हायेत, नीट सांभाळतील."