पांझरेचं गाणं मी म्हणणार

धुळे,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. दिपमाला हिस,

टपालाने आलेलं पाकीट बघून नवल करशील. शाळेच्या ग्रुपवर रोज सकाळी आपली सगळ्यांची गाठ पडते, मग म्हाताऱ्याला हा खटाटोप का सुचला? मोबाईलवर बोट एका अक्षरावर ठेवावं तर ते शेजारच्यावर पडतं, हे एक कारण. दुसरं लिहिता लिहिता सांगतो. पत्ता ग्रुपवरच्या कुंदनकडून घेतला. कशाला हवा, ते त्याला सांगितलं नाही.

आम्ही दोघं ठीक. धुळ्याची थंडी तुला आठवत असेल, यंदा ती हाडांत जाऊन बसलीय. झुंबरबाई ओट्यावर उन्हात गुडघ्यांना तेल चोळत बसते आणि मी ग्रुप उघडला की तिथूनच म्हणते, "आते तरी ठेवा तो मोबाईल, डोया फुटतीन." तू वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालीस, तो हारतुऱ्यातला फोटो पाहिला. केस पांढरे झाले तरी उभं राहायची तऱ्हा तीच, मान जराशी डावीकडे कललेली. आठवी ब मध्ये खिडकीशेजारच्या बाकावर तू अशीच बसायचीस आणि मी कविता वाचायला लागलो की पुस्तक मिटून ठेवायचीस. कविता आधी ऐकायची असते, हे त्या वर्गात न सांगता तुला एकटीला कळलं होतं.

हे असं माझं भरकटणं. मुद्द्यावर येतो.

शाळेच्या शतकमहोत्सवात, अठरा जानेवारीला, नव्या संगीत दालनाला प्रेमराज गुरुजींचं नाव द्यायचं आणि शंभर मुलांनी त्यांच्या चालीत 'पांझरेचिया पाण्यावरती' म्हणायचं, असं समितीच्या अर्पितने ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. तू एकटीने लिहिलंस, "ज्या माणसाने तालमीत आम्हाला रांगेत उभं करून रक्ताच्या शुद्धतेवर भाषणं दिली आणि हिटलरला थोर म्हटलं, त्याचं नाव भिंतीवर नको. त्याची चालही आता लहान मुलांच्या तोंडी नको." झालं, पोळं उठलं. कुंदन म्हणाला, "ताई, गेलेल्या माणसाचं उणं काढू नये." कुणी म्हणालं, गाण्यात राजकारण आणू नका. कुणी तुला सरळ विचारलं की तुला नक्की कसला त्रास होतोय.

मी गप्प बसलो. गप्प बसायचा मला जुना सराव आहे.

आता उत्तर देतो. तुझ्या त्या लांब मजकुरातलं एक वाक्य तेवढं बाजूला ठेवतो, बाकी सगळ्याला उत्तर देतो.

तू लिहिलंस ते खरं आहे आणि मी साक्षीदार आहे. इथून पुढे गुरुजींना मी 'तो'च म्हणेन. आम्ही एका वयाचे, एका किटलीतला चहा पिणारे. त्याच्या पेटीच्या खोक्याला झाकण होतं. त्या झाकणाला आतून जुन्या मासिकातून कापलेलं हिटलरचं चित्र चिकटवलेलं असायचं. आधी ते दिसायचं, मग पेटी बाहेर यायची. मी एकदा म्हणालो, "गुरुजी, इथे सरस्वती असते." तो म्हणाला, "सर, शिस्त हीच सरस्वती." मी हसलो. शिक्षकांच्या खोलीत सगळेच हसायचे. कलावंत आहे, चालायचंच, म्हणायचे. सूर रक्तात असावा लागतो, असं तो म्हणायचा, आणि कुणाचं रक्त कसं, ते त्याला हजेरीपटावरच्या आडनावांवरून कळायचं.

तेव्हा भिंतीवर त्याचं नाव नको, हे मला मान्य. कबूल, मान्य, शंभर वेळा मान्य.

चाल नको, हे मात्र मला मान्य नाही. मी ती म्हणणार. तू रागाव, ग्रुपवर माझी खरडपट्टी काढ, तरी म्हणणार.

पांझरेचिया पाण्यावरती ऊन कोवळे नाचते,
काठावरली चिंच वाकुनी रूप आपुले वाचते.

'वाकुनी'वर त्याने सूर खाली आणलाय, फांदी पाण्याला टेकावी इतका खाली. आणि 'वाचते'वर तो सूर क्षणभर थांबतो, वाचणारा माणूस एखाद्या शब्दावर थांबतो तसा. वंश, बूट, संचलन यांचा नाद लागलेल्या त्या माणसाच्या बोटांना चिंच पाण्यावर कशी झुकते, ते बरोबर माहीत होतं. ही दोन्ही माणसं एका देहात कशी राहिली, हे मला एकोणऐंशीव्या वर्षीही उलगडलेलं नाही. उलगडलं नाही म्हणून मी चाल टाकून देणार नाही. विहीर खोदणारा वाईट होता म्हणून गावाने पाणी सोडायचं का, असं मी इतकी वर्षं वादात म्हणत आलो, आणि वाद जिंकत आलो.

पण परवा तुझा मजकूर चौथ्यांदा वाचताना ती विहिरीची उपमा माझ्या घशात अडकली. त्या विहिरीवरून कुणाला हाकललं, ते त्या उपमेत येत नाही. आणि हाकलणारा कोण, तेही येत नाही.

बाजूला ठेवलेलं वाक्य आता घेतो. तू शेवटी लिहिलंस, "मला स्वतःला गळा नाही, हे आठवीतच कळलं होतं, तेव्हा याला कुणी हेवा समजू नये."

दिपमाला, तुला गळा होता.

डिसेंबर अठ्ठ्याहत्तर. जळगावला समूहगीतांची स्पर्धा होती. पहिली ओळ तू एकटीने उचलायची आणि मग बाकीच्यांनी यायचं, असं बसवलं होतं. महिनाभर तशीच तालीम चालली. स्पर्धेला चार दिवस राहिले तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, "परीक्षकांसमोर ती साक्रीकडची वसतिगृहातली पोर पुढे असेल तर मी पेटीला हात लावणार नाही. त्या रक्तात सूर नसतो, सर."

मी म्हणालो, "अहो, पण सगळ्यांत चांगली तीच गाते."

तो म्हणाला, "म्हणूनच."

त्या एका शब्दाला मी काय उत्तर दिलं, ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. काहीच दिलं नव्हतं, म्हणून आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुला व्हरांड्यात बोलावलं. कपाळाला हात लावून पाहिला. म्हणालो, "बाळ, तुझा घसा बसलाय, आवाज जाड येतोय. शेवटच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव." तू म्हणालीस, "सर, मला तर काही होत नाहीये." त्यावर मी जे म्हणालो ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. "आपला आवाज आपल्याला कळत नाही, दुसऱ्यालाच कळतो." मराठीचा मास्तर होतो ना मी. खोटं बोलायलासुद्धा सुभाषित सापडलं.

तुझ्या घशाला काहीही झालेलं नव्हतं.

निघायच्या सकाळी तुझे वडील एस.टी. स्टँडवर आले होते. साक्रीहून पहिली गाडी धरून आले होते. मला बाजूला घेऊन विचारलं, "मनी पोर आज गाना म्हणी ना, मास्तर?" मी त्यांनाही घसा सांगितला. ते म्हणाले, "मंग काय, बठ्ठा पोरे आपलाच शेतस." गाडी पारोळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत हात हलवत उभे होते. सगळी पोरं आपलीच. रक्ताबद्दल माझ्या कानावर आलेलं सगळ्यांत शहाणं वाक्य ते, आणि ते मी खिडकीतून मागे पडू दिलं.

पहिला नंबर आला. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू टाळ्या वाजवत होतीस. पुढे तू गाण्याच्या तासाला मागे बसायला लागलीस, नंतर शिवणाचा तास घेतलास. मी का म्हणून विचारलं नाही. विचारायची गरज मला नव्हती.

आता तू म्हणशील, त्याला नाही म्हणायचं, बसला नसता पेटीवर तर नसता. एवढी काय ती स्पर्धा?

ते सांगायला मला हे सगळं पत्र लागलं. त्याने पेटी धरली नसती तर ते गाणं झालं नसतं, आणि ते गाणं व्हायला हवं होतं, कारण ती कविता माझी आहे. फळ्यावर लिहून दिली तेव्हा खाली मी 'संकलित' असं लिहिलं. बत्तीस वर्षांच्या मास्तराला आपली कविता आपली म्हणायची लाज वाटली. माहीत होतं फक्त त्याला. तेव्हा वह्याच्या वह्या लिहायचो मी. त्यातली ही एकच लोकांच्या तोंडी राहिली, आणि ती त्याच्या चालीमुळे राहिली. मला ते तेव्हाच दिसलं होतं. एका बाजूला तू आणि एका बाजूला माझ्या कवितेचं आयुष्य, असं तराजूत घालून मी तुला उचलून शेवटच्या रांगेत ठेवलं.

म्हणजे सत्तेचाळीस वर्षं मी जे म्हणत आलो, गाण्याचा काय दोष, ते मी त्याच्यासाठी म्हणतच नव्हतो. त्याला तर मी मनातल्या मनात रोज फटके मारले. त्याला मारलं की मी सुटायचो. त्याच्यापाशी निदान त्याचा वेडगळ विश्वास तरी होता. माझा कशावर विश्वास होता? मी तर वर्गात माणुसकीच्या कविता शिकवत होतो.

स्मरणिकेसाठी अर्पितने माझ्याकडून लेख मागितला होता, समारंभात तोच मनोगत म्हणून वाचायचा होता. तुझा मजकूर वाचला आणि आधीचा गोडगोड लेख फाडला. नवा लिहिला, त्यात हे सगळं घातलं, तुझं नाव न घालता. शुक्रवारी अर्पित घरी आला. सुगनचंद शेठचा नातू, पोरगा भला आहे, वाकून पाया पडला.

"सर, लेख फार सुंदर झालाय. फक्त मधली दोन पानं काढू या का?"

"मग उरतं काय?"

"गुरुजींची कला उरते ना, सर. कला वेगळी, माणूस वेगळा. तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"वेगळं करायचं म्हणजे दोन्ही ताटात वाढायचं, बाबा. एक वाढून दुसरं मोरीत ओतलं तर त्याला लपवणं म्हणतात."

"सर, मोठे पाहुणे येणार आहेत."

"मग तर बरंच झालं."

तो हसला, चहा प्यायला, पुन्हा पाया पडला. संध्याकाळी ग्रुपवर कार्यक्रमपत्रिका आली, तिच्यात माझं मनोगत नव्हतं. नसू दे. मी श्रोत्यांत बसेन आणि मुलं गाण्याला उभी राहायच्या आधी उठेन. साठ पोरांच्या वर्गात चौतीस वर्षं बोललो, मला कधी माईक लागला नाही.

काल तो लेख झुंबरबाईला वाचून दाखवला. तिने हातातली तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "इतला वरीस मनासंगे राहिनात, मले बी नही सांगं?" मी म्हटलं, आता लिहिलंय ना सगळं. तर म्हणाली, "कागदले सांगीसन काय व्हई? तिले सांगा." म्हणून हे पत्र. शंभर लोकांच्या आधी हे तुला कळायला हवं होतं, हेही मला घरूनच शिकावं लागलं.

तर अठराला मी उठणार. भिंतीवर नाव लावू नका म्हणणार. त्याने काय केलं ते सांगणार, मी काय केलं ते सांगणार. कवितेखाली माझं नाव लिहा म्हणणार, म्हणजे दोष द्यायला एक जिवंत माणूस सापडेल. आणि मग गाणार. मुलांना गाऊ दिलं नाही तर एकटा गाईन. माझा आवाज आता चिरका झालाय, त्या सुरावर तो टेकणार नाही, तरी गाईन. तू सभागृहातून उठून गेलीस तर तो तुझा हक्क, आणि मी तुझ्या पाठीकडे बघत शेवटच्या ओळीपर्यंत जाईन. गाणं चांगलं आहे, दिपमाला. ते चांगलं आहे म्हणून तर मी विकला गेलो. वाईट असतं तर माझ्या हातून नुसता मूर्खपणा झाला असता. म्हणून ते टाकून देऊन मला हलकं व्हायचं नाही. ते म्हणेन तेव्हा तेव्हा हेही सांगेन.

एकच गोष्ट माझ्या हातात नाही. ती मुलगी कोण, हे सांगायचं की नाही? एकदा तुला न विचारता तुझ्याबद्दल ठरवलं, पुन्हा नाही ठरवणार. सोबत एक पोस्टकार्ड ठेवलंय, त्यावर माझा पत्ता घातलाय. 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिही. काही आलं नाही तर 'नाही' समजेन आणि वर्गातली एक मुलगी एवढंच म्हणेन. माफीचं काही लिहू नकोस. ती मी मागितलेली नाही, मागायला तोंडही नाही. तुझ्या रागाला कार्ड पुरायचं नाही, त्याला वेगळा कागद घे, दोन्ही बाजूंनी लिही.

वडीलधाऱ्याने पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो लिहायला हात धजत नाही. म्हणून,

तुला नमस्कार करणारा,
जीवराम
आठवी ब चा वर्गशिक्षक