पांढरी जाकिटं

२० मे

आणि परत तोच फोटो! परवा प्रचारप्रमुख योम साहेब म्हणाले गाडीवर लाव, काल म्हणाले काढ, आज सकाळी म्हणतात, "अर्धा ठेव." अर्धा कसा ठेवू? मी म्हटलं, साहेब, राष्ट्राध्यक्षांचा वरचा अर्धा ठेवायचा की खालचा, तेवढं सांगा. तर म्हणे, "शाळा अर्ध्यावर सोडलेल्यानं मला अक्कल शिकवू नये." सगळ्यांचं शेवटी तिथंच येतं. गोदीतला मुकादमही हेच म्हणायचा, कोंबडीच्या कारखान्यातलाही. म्हणून तर दोन्ही ठिकाणं सोडली. इथं फक्त गाडी चालवायला आलोय — तेरा दिवस प्रचाराची गाडी, रोजचे पैसे रोज.

शेवटी पूर्ण फोटो सोलून काढला. दोन वर्षांपूर्वी ह्याच माणसाच्या शेजारी उभं राहायला उमेदवार एकमेकांना ढकलत होते. आता त्याचं नाव घेतलं की मासेवाल्या बायका बादली उचलतात.

फोटो गेला, डिंक राहिला. संध्याकाळपर्यंत त्यावर रस्त्याची धूळ बसली आणि गाडीच्या कडेला पुन्हा दोन डोळे आणि एक तोंड दिसायला लागलं. घासलं. जात नाही.

२१ मे

पहिला दिवस. आमच्या उमेदवार हाम बोंग-सुन काकू, वय एकसष्ट, बाजारात त्यांचा तिळाच्या तेलाचा घाणा. जिल्हा परिषदेला उभ्या आहेत. दोनदा तिकीट मागितलं, मिळालं नाही. यंदा घरी आणून दिलं. "बुडत्या होडीत जागेसाठी भांडण होत नाही," म्हणाल्या.

पैसा घाणा गहाण टाकून उभा केलाय. कायदा असा की शंभरात पंधरा मतं पडली तर सगळा खर्च सरकार परत देतं. पंधराच्या खाली गेलं तर निम्मा, दहाच्या खाली तर काहीच नाही. निम्म्यानं बँक ऐकणार नाही.

"निवडून कोण येतंय रे दोक-सू," काकू म्हणाल्या. "पंधरा पडू देत. घाणा राहू दे."

पक्षाची नारिंगी जाकिटं घालून बाजारात उभे राहिलो. कोणी शिव्या दिल्या नाहीत. नुसती पाठ फिरवली, एकामागून एक, सगळ्या बाजारानं. गाडीवर गाणं चालू, प्रचाराला नाचायला ठेवलेली बो-राम आणि आणखी दोघी पोरी नाचतायत, आणि समोर सगळ्या पाठी.

२३ मे

योम साहेबांनी पांढरी जाकिटं आणली. पक्षाचं नाव खिशाखाली, मुंगीएवढं. म्हणे मोठ्या शहरांतले आपले उमेदवारही हेच करतायत. "रंग दिसला नाही की राष्ट्राध्यक्ष आठवणार नाही."

दुपारी गामगोलला गेलो. डोंगरातलं गाव, घरं चाळीस, माणसं अकरा. गाडी वर जात नाही, म्हणून खाली ठेवून एका रांगेत चढलो. धुकं होतं. आम्ही सहा जण, सगळे पांढरे, पुढे काकू मान खाली घालून — गुडघे दुखतात त्यांचे.

पहिल्या घरातून यांग आजी बाहेर आल्या. आम्हाला पाहिलं आणि तिथंच मातीत बसल्या, गळा काढून रडायला लागल्या. "कोण गेलं गं बाई, कोण गेलं?"

काकू म्हणाल्या, "कोणी नाही आजी. मतं मागायला आलोय."

आजींनी बोटानं आम्हाला मोजलं, डोळे पुसले, आणि शांतपणे विचारलं, "मग कोण जाणार आहे?"

योम साहेब हसले. बाकी कोणी हसलं नाही.

२५ मे

गामगोलचे पे आजोबा गेले. एक्याण्णव वय, मुळ्याच्या वाफ्यात बसल्या बसल्या. परवा त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला होता.

काकू दर्शनाला गेल्या. पण पाकीट देता आलं नाही — उमेदवारानं मतदाराच्या घरी मयताचे पैसे देणं गुन्हा. सगळे पांढरं पाकीट ठेवतायत आणि काकू रिकाम्या हातानं वाकून परत आल्या. तेही पांढऱ्या जाकिटात. मी म्हटलं होतं, काढा. विसरल्या.

२६ मे

बातमी आमच्या आधी पोचते. खालच्या खोऱ्यात गाडी वळली की दारं लागतात. एका बाईनं पोराला दंडाला धरून आत ओढलं. दुकानदार बो-रामला म्हणाला, "पोरी, आज कुणाचा नंबर?" ती म्हणाली, "तुमचाच काका, मत द्या, पुढं ढकलू." तो हसला, पण सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले.

२७ मे

सकाळी भांडण. योम साहेब म्हणतात पांढरंच. बो-राम म्हणते नारिंगी, नाहीतर मी घरी चालले. म्हणून आज नारिंगी घालून पाहिलं.

पांढऱ्यात दारं लागत होती. नारिंगीत उघडली — शिव्या द्यायला. तांदळाच्या भावाचं काय झालं, म्हणे. पोराची नोकरी गेली, म्हणे. "त्याला जाऊन सांग!" काकू प्रत्येकाला म्हणत होत्या, "मी तो नाही हो. मी तेल काढते." एकानं त्यांच्या पायाशी खरकटं पाणी ओतलं. वीस वर्षं ह्यांच्याकडूनच तेल नेणारा माणूस.

गाडीत बसल्यावर त्यांनी पायावरचं खरकटं पुसलं. मग म्हणाल्या, "शिव्या देणारा मत देत नाही. घाबरलेला कदाचित देईल. उद्या पांढरं."

मला हे आवडलं नाही. पण मी ड्रायव्हर.

२८ मे

गामगोल. आज धुकं नव्हतं, चांगलं ऊन होतं, म्हणून सगळं स्वच्छ दिसलं.

यांग आजींच्या फाटकाबाहेर ताट मांडलेलं. तीन वाट्या भात, तीन जोड बूट, थोडी नाणी. पुढच्या फाटकाबाहेरही तेच. त्याच्या पुढच्याही. दहा माणसं उरलीत, दहा फाटकं, दहा ताटं. भातातून वाफ निघत होती, पण माणूस एक दिसेना.

योम साहेब शहरातले. म्हणाले, "वा, पाहुणचार! पण कोणी खाऊ नका, आयोग दंड करेल." बो-रामनं त्यांची बाही धरली. "साहेब, घरात माणूस मेलं की हे मांडतात. न्यायला येणाऱ्या तीन यमदूतांसाठी. खाऊन-पिऊन, नवे बूट घालून त्यांनी जाणाऱ्याला सांभाळून न्यावं म्हणून."

"पण इथं कोण मेलंय?"



यांग आजी आत ओसरीवर बसलेल्या होत्या, केस विंचरून. काकूंनी फाटकातूनच हाक मारली, "आजी, हे काय मांडलंत? मी घाण्यावरची बोंग-सुन. ओळखलं नाही?"

"ओळखलं की. त्या राष्ट्राध्यक्षाच्या माणसाला मी दारातलं कुत्रंसुद्धा देणार नाही," आजी म्हणाल्या. "पण पांढऱ्यात आलेल्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

शेवटच्या फाटकाजवळचा एक जोड माझ्या मापाचा होता. मी घातला नाही. पण माप माझंच होतं.

२९ मे

आगाऊ मतदान सुरू. गामगोलची बस दिवसातून एकदा येते. दहाच्या दहा जण उतरले — सणाचे कपडे, इस्त्री केलेले, केसांना तेल. ओळीनं आत गेले, ओळीनं बाहेर आले. आमच्याकडे पाहिलं नाही.

यांग आजी बसमध्ये चढता चढता माझ्यापाशी थांबल्या. "झालं बाबा. आता मी मोकळी."

कशापासून, ते विचारायचं राहिलं.

३० मे

काही नाही. पाऊस. जाकीट धुतलं, वाळत नाही.

३१ मे

यांग आजी गेल्या. झोपेत.

काकू घाण्यात बसून होत्या. मी म्हटलं, चौऱ्याऐंशी वय होतं काकू, माणूस म्हातारपणी जातो. त्या म्हणाल्या, "मला कळतं ते. तुला खरं वाटतं का, एवढं सांग." मी पाना शोधायला बाहेर गेलो.

आईचा फोन आला होता. तिला पांढऱ्या जाकिटातला माझा फोटो कोणीतरी पाठवलाय. म्हणाली, "ते उतरव आधी, मग बोल." आई बेटावर राहते, तिथली माणसं अशीच. उतरवलं.

२ जून

पहाटे गामगोलचे कुक आजोबा गेले. शेवटचा दिवस होता, दिवसभर गाणी वाजवायची होती. काकूंनी भोंगा बंद करायला लावला. योम साहेब ओरडले, एवढे पैसे भरलेत, एक दिवस राहिलाय! काकू म्हणाल्या, "तेरा दिवसांत तीन माणसं. मी मतं मागत होते रे. दुसरं काही मागत नव्हते."

गाडी उभी केली. डिंकावरचा चेहरा पावसानंसुद्धा गेला नाही.

३ जून

मोजणी शाळेच्या व्यायामशाळेत. टीव्हीवर आमचा पक्ष सगळीकडे पडतोय, अगदी जिथं कधी पडला नाही तिथंही. आमच्याकडं पहिल्या पेट्यांत नऊ टक्के. मग अकरा. मग साडेबारा. योम साहेब न सांगता निघून गेले.

काकू घाण्यावर परतल्या आणि यंत्र पुसायला बसल्या. "बँकेची माणसं येतील. तेलकट नको मिळायला त्यांना." मी फडकं घेतलं.

५ जून

पक्का आकडा आला. काकू हरल्या. पंधरा टक्क्यांना ९२३ मतं लागत होती, ९२४ पडली. घाणा राहिला. बो-राम रस्त्यात नाचली.

एक कमी असतं तरी चाललं असतं. दोन कमी असती तर नाही. आयोगाच्या बाईंना विचारलं, आगाऊ मत देऊन माणूस मोजणीआधी मेला तर? म्हणाल्या, मत जिवंत राहतं.

काकू पुढच्या वेळी परत उभ्या राहणार, म्हणून त्यांना अजूनही पाकीट देता येत नाही. माझ्यावर बंदी नाही. आईला ह्या महिन्यात पैसे उशिरा पाठवीन. यांग आजींच्या घरी पन्नास हजार, कुक आजोबांच्या घरी पन्नास हजार. पाकिटांवर नाव माझंच. एक लाख वॉन.